रोज सव्वादहाला सुटणारं लॉक: मालवणातल्या एका बुकिंग-कॅलेंडरचं प्रकरण

"अरे, ह्यां कॅलेंडर परत अडाकलां. गिऱ्हाईक फोनर थांबलासा आणि माका खोली धरूक गावणा नाय."

मालवणहून आत्याचा असा फोन आला की मी कुडाळच्या दुकानातून एकच उत्तर द्यायचो: "माळ्यावरचा सर्व्हर बंद करून चालू कर." पाच मिनिटांत काम व्हायचं. दोन महिने हेच चाललं. हा सल्ला चुकीचा होता, कारण त्यात मुळाशी जाणं राहूनच गेलं, आणि त्याची किंमत आंगणेवाडीच्या जत्रेच्या वेळी आत्याच्या घराने मोजली. म्हणून सगळं प्रकरण सुरुवातीपासून लिहून ठेवतो. एका फाइलवर तिघाचौघांचं कॅलेंडर चालवणारी घरं आणि छोटी दुकानं किनाऱ्यावर पुष्कळ आहेत, आणि बहुतेक ठिकाणी मी दिला तोच सल्ला दिला जातो.

आत्याच्या घरी पर्यटकांची राहण्याजेवणाची सोय आहे. जुन्या घरामागे ९ खोल्या, आणि थोरल्या आतेभावाचं तारकर्लीला होड्यांचं नि स्कूबाचं टेबल. बुकिंग पूर्वी एका लांबट वहीत असायचं. वही एक, ती आत्याच्या हाताशी, त्यामुळे घोळ नव्हता. फोन घेणारी माणसं वाढली तेव्हा कॅलेंडर आलं. एक साधा मोफत प्रोग्राम, सगळ्या नोंदी एकाच एसक्यूलाइट फाइलमध्ये ठेवणारा (एसक्यूलाइट म्हणजे अख्खा डेटाबेस एकाच फाइलमध्ये सांभाळणारी प्रणाली). ती फाइल मी माळ्यावरच्या जुन्या संगणकावर लिनक्स आणि सांबा (नेटवर्कवरून फोल्डर वाटून देणारा प्रोग्राम) घालून शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवली. तीन ठिकाणांहून तीच फाइल उघडायची: काउंटरचा संगणक, स्वयंपाकघराजवळचा संगणक (उद्या किती पानं, हे वहिनी तिथे बघते) आणि आतेभावाचा लॅपटॉप. एकट्याने वापरायला बनवलेला प्रोग्राम तिघांत वाटून देण्याची ही मांडणी माझीच.

सुरुवातीला छान चाललं. मग मधूनमधून सकाळी नोंद करताना ‘डेटाबेस इज लॉक्ड’ असा संदेश येऊ लागला. आधीच्या नोंदी दिसायच्या, नवी मात्र जायची नाही.

तारीख जाहीर झाली तो दिवस

मालवण तालुक्यात मसुऱ्याच्या आंगणेवाडीला भराडीदेवीची जत्रा भरते. तिची तारीख पंचांगात शोधून मिळत नाही. देवीचा कौल घेऊन ती ठरते आणि मग जाहीर होते. त्यामुळे आसपास राहायची सोय असलेल्या प्रत्येक घरात त्या दिवशी फोनची झुंबड असते. मुंबईचे चाकरमानी आधी खोली धरतात, मग गाडीचं तिकीट बघतात.

त्या सकाळीही कॅलेंडर अडकलं, आणि आत्याने माझ्या सल्ल्याप्रमाणे सर्व्हर बंद-चालू केला. दुपारपर्यंत काउंटरवर आत्या आणि आत वहिनी अशा दोघी भराभर नोंदी घालत होत्या. तीनच्या सुमारास लाइट गेली. इन्व्हर्टर जुना, त्याने थोडा वेळ दम धरला आणि मान टाकली. सर्व्हर चालू कामात बंद पडला.

लाइट आल्यावर धाकट्या आतेभावाने शेअर फोल्डर उघडून पाहिलं. बुकिंगच्या फाइलशेजारी त्याच नावाची, शेवटी ‘-जर्नल’ लावलेली आणखी एक फाइल होती. ती त्याने आधीही पाहिली होती. कॅलेंडर अडकलं की ती दिसते, सुटलं की नाहीशी होते, हे त्याने स्वतः टिपलं होतं, आणि निरीक्षण अगदी बरोबर होतं. वर्ड-एक्सेलच्या फाइली उघड्या असताना शेजारी ‘~$’ने सुरू होणारी छोटी फाइल तयार होते, तसंच हेही कुलूप असणार, असं त्याला वाटलं. एरवी ती पुसायला गेला तर ‘फाइल वापरात आहे’ म्हणून पुसली जात नसे. त्या दिवशी लगेच पुसली गेली.

त्यानंतर आत्याने प्रोग्राम उघडला तेव्हा संदेश बदलला होता: ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मॅलफॉर्म्ड’. मी तासाभरात मालवणला पोचलो.

ती फाइल कुलूप नव्हतीच

जर्नल ही उलटी वही असते. एसक्यूलाइट मूळ फाइलमधलं एखादं पान (फाइलचा ठरावीक आकाराचा तुकडा) बदलण्याआधी त्या पानाची जुनी प्रत जर्नलमध्ये उतरवून ठेवतं. मग मूळ फाइल बदलतं, आणि सगळं नीट लिहून झालं की जर्नल काढून टाकतं. मध्येच लाइट गेली तर मूळ फाइल अर्धी नवी, अर्धी जुनी राहते, पण जर्नल शेजारी असतं. पुढच्या वेळी जो कुणी फाइल उघडेल, त्याचं एसक्यूलाइट आधी ते जर्नल बघतं, जुनी पानं जागेवर परत ठेवतं, आणि मगच पुढे जातं. फार तर शेवटची एक नोंद जाते, बाकीचं सलामत राहतं.

म्हणजे त्या दुपारी लाइट गेल्याने नुकसान झालंच नव्हतं. फोल्डरमध्ये दुरुस्तीचं औषध तयार ठेवलेलं होतं, आणि आपण ते कचरा समजून फेकलं. धाकट्याला बोलण्यात अर्थ नव्हता. जर्नल काय असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं, आणि सांगायची जबाबदारी माझी होती.

मोडक्या फाइलवर तशीच नवी नोंद घालायची नाही, हे मी घरात सगळ्यांना आधी सांगितलं. फाइलची एक प्रत वेगळी काढली आणि सगळं काम प्रतीवरच केलं. एसक्यूलाइटच्या कमांड-प्रोग्राममध्ये ‘इंटिग्रिटी चेक’ चालवला, तर तुटलेल्या पानांची यादीच आली. २०१९ पासून त्याच प्रोग्राममध्ये ‘रिकव्हर’ ही सोय आहे. फाइलमधून वाचवता येईल तेवढं ओढून ती नव्या डेटाबेससाठी मजकूर तयार करते. तसा नवा डेटाबेस बनवला आणि आदल्या रात्री पेनड्राइव्हवर घेतलेल्या प्रतीशी ताडून पाहिला. जुन्या नोंदी सगळ्या सापडल्या. त्या दिवशीच्या काही गायब होत्या.

त्या आम्ही काउंटरच्या टेबलावर बसून हाताने जुळवल्या. आत्याचा फोन, वहिनीचा फोन, सकाळपासून आलेले कॉल, बँकेचे ॲडव्हान्स जमा झाल्याचे मेसेज. ज्यांनी पैसे पाठवले होते ते नावासकट मिळाले. बाकीच्या नंबरांवर एकेक फोन करून विचारलं. रात्री अकराला आत्या म्हणाली, "आता सगळी गावली." एक राहिलं होतं. परळचं एक कुटुंब, ॲडव्हान्स न देता ओळखीवर धरलेली खोली. जत्रेच्या दिवशी ते सामानासकट दारात उभे राहिले तेव्हा त्या खोलीत दुसरी माणसं होती. आत्याने त्यांना माजघरात आपल्या अंथरुणाची जागा दिली आणि स्वतः देवघरासमोर चटई टाकली. त्या लोकांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही, पण आत्याला ते आजही सलतं. चाळीस वर्षं वहीत तिचा शब्द कधी चुकला नव्हता.

सकाळी कुलूप कोण लावत होतं

जर्नलचा उलगडा झाला तरी मूळ तक्रार तशीच होती. रोज सकाळी लॉक येतं कुठून? या वेळी सर्व्हरला हात लावायचा नाही, असं ठरवलं. वहिनीला एकच काम सांगितलं: कॅलेंडर अडकलं की भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात वेळ लिही, सुटलं की तीही लिही.

आठ दिवसांनी त्या चौकोनांचा फोटो तिने पाठवला. अडकल्याची वेळ दरवेळी वेगळी, कारण ती कुणी नोंद करायला गेलं तेव्हाच कळायची. सुटण्याची वेळ मात्र जवळपास ठरलेली, सव्वादहा ते साडेदहा. दोन दिवस चौकोन कोरे होते, कॅलेंडर अडकलंच नव्हतं. ते दोन दिवस दर्या खवळलेला होता आणि थोरला तारकर्लीला गेलाच नव्हता.

मी विचारलं, "दादा, तू सकाळी निघतोस किती वाजता?"

"आठाक. आठ-धाक. कित्या?"

"लॅपटॉप बंद करतोस?"

"झाकण लावतंय आणि पिशयेत घालतंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मालवणात होतो. सर्व्हरवर ‘एसएमबीस्टेटस’ ही कमांड मिळते. कोणत्या यंत्राने कोणती फाइल उघडली आहे ते ती दाखवते, आणि बाइट-रेंजचा पर्याय दिला तर फाइलच्या कोणत्या भागावर कुणाचं लॉक आहे तेही. दादाचं झाकण लागल्यावर मी ती चालवली. एक ओळ ठळक उठून दिसली: वाचनाचं लॉक, सुरुवात १०७३७४१८२६, लांबी ५१०. प्रोसेस क्रमांकावरून यंत्राचा पत्ता काढला, तर तो पिशवीत गेलेल्या लॅपटॉपचा.

हा आकडा प्रथम बघणाऱ्याला चक्रावून टाकतो. आमची फाइल जेमतेम तीन एमबीची, आणि लॉक मात्र एक जीबीच्या पलीकडच्या बाइटवर, जिथे फाइलच नाही. एसक्यूलाइट मुद्दाम तसंच करतं. लॉकसाठी त्याने ती लांबची जागा राखून ठेवली आहे, म्हणजे लॉक आणि माहिती यांची गाठ पडत नाही. १०७३७४१८२४ हा बाइट ‘मी लिहायला थांबलोय, आता नवीन वाचक नकोत’ असं सांगतो. त्याच्या पुढचा १०७३७४१८२५, ‘लिहिणार मी, दुसऱ्या कुणी सुरू करू नये’. आणि त्यापुढचे ५१० बाइट वाचकांचे. कितीही जण एकाच वेळी वाचू शकतात, पण फाइलमध्ये प्रत्यक्ष लिहिण्याच्या क्षणी त्या ५१० बाइटांवर एकही वाचक उरलेला नसावा लागतो. हे तीन आकडे कुठे लिहून ठेवा. शेअर केलेल्या एसक्यूलाइट फाइलचं लॉक तपासताना कोण वाचतंय आणि कोण लिहायला अडून बसलंय, ते यांच्यावरूनच कळतं.

दादाच्या लॅपटॉपवर ‘आजची यादी’ ही खिडकी सकाळी निघताना उघडीच असायची. प्रोग्राम ती यादी वाचायला सुरुवात करायचा आणि खिडकी मिटेपर्यंत वाचन पुरं झाल्याचं सांगतच नसे. घरात असताना हे जाणवलं नाही, कारण दादा नाश्त्याच्या वेळी एकदाच यादी उघडायचा. मग झाकण लावून निघायचा. लॅपटॉप झोपला, वाय-फाय तुटलं, सर्व्हरला कुणी ‘येतो’ म्हणून सांगितलंच नाही. सर्व्हरच्या लेखी दादा अजून यादी वाचत बसला होता. आत्याची नवी नोंद तयार व्हायची, तिचं जर्नलही तयार व्हायचं (धाकट्याला दिसायचं ते हेच), आणि वाचक जाईपर्यंत ती खोळंबायची.

मग सव्वादहाला सुटायचं कसं? उत्तर लिनक्समध्ये आहे. टीसीपी जोडणीवर (दोन यंत्रांमधल्या नेटवर्कच्या दुव्यावर) काहीच हालचाल नसेल तर पलीकडे कुणी आहे का, हे विचारण्याआधी लिनक्स मुळात ७२०० सेकंद थांबतं. त्यानंतर दर ७५ सेकंदांनी एक अशा ९ हाका मारतं. एकाही हाकेला ओ आली नाही तर जोडणी मेली असं धरतं. बेरीज २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. आठ-दहाला झाकण, दहा-एकवीसला सुटका. वहिनीच्या चौकोनांशी हे तंतोतंत जुळलं. ‘एसएस’ या कमांडने मी त्या जोडणीचा टायमरही पाहिला. ‘कीपअलाइव्ह, ११९ मिनिटं’ असं लिहिलेलं, आणि पुन्हा कमांड दिली की आकडा उतरलेला. इतके दिवस छळणाऱ्या दुखण्याचा उतरता आकडा असा समोर दिसला, तेव्हा मला मोठं समाधान वाटलं.

लाइट जायची त्या दिवसांतही हेच होत होतं. वरच्या मजल्याचा राउटर इन्व्हर्टरवर नव्हता. लाइट गेली की तो आधी विझायचा, लॅपटॉप बॅटरीवर आणि सर्व्हर इन्व्हर्टरवर चालू राहायचे, आणि मधली वाट तुटल्यामुळे लॉक तसंच लटकायचं.

तात्पुरता उपाय आणि त्याची मर्यादा

सर्व्हर बंद-चालू केल्याने कॅलेंडर सुटायचं, कारण त्याने सगळ्यांचीच लॉकं एकदम पडत. ज्याने खरंच लिहायला घेतलंय त्याचंही. खोली उघडत नाही म्हणून घरच पाडण्यासारखं ते होतं. नेमकं करायचं तर ‘एसएमबीस्टेटस’मध्ये दिसलेली त्या लॅपटॉपच्या जोडणीची ती एकच प्रोसेस संपवावी. बाकीच्यांना धक्का लागत नाही. विंडोजचा सर्व्हर असेल तर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मधल्या ‘शेअर्ड फोल्डर्स’ खाली उघड्या फाइलींची यादी असते, तिथून तेच करता येतं.

सांबाच्या सेटिंगमध्ये जोडणीची चौकशी लवकर करायला सांगितलं: ६० सेकंद शांतता, मग १० सेकंदांच्या अंतराने ३ हाका. दीड मिनिटात लटकलेलं लॉक सुटू लागलं. त्या फाइलपुरते ऑपलॉकही (फाइल आपल्याजवळ साठवून ठेवायची मुभा) बंद केले, म्हणजे कुणाचा विंडोज संगणक फाइलचा तुकडा स्वतःजवळ साठवून जुनं दाखवणार नाही. राउटर इन्व्हर्टरला जोडला. सर्व्हरला स्वतःचा छोटा यूपीएस दिला. दादाला ‘यादी मिटून मग झाकण’ अशी सवय लावायचा प्रयत्न केला, पण सकाळच्या घाईत असणाऱ्या माणसाच्या सवयीवर आठ माणसांच्या खोल्या अवलंबून ठेवणं मला पटेना.

आणि याहून मोठी गोष्ट होती. एसक्यूलाइट बनवणारे स्वतःच स्पष्ट सांगतात की नेटवर्कवरून शेअर केलेल्या फोल्डरमध्ये अनेक यंत्रांनी एकच फाइल लिहू नये, कारण तिथल्या लॉकवर पुरता भरवसा ठेवता येत नाही. ‘लॉक्ड’ हा संदेश त्रासाचा असला तरी तो प्रामाणिक होता. निदान तो नोंद गेली नाही असं सांगत होता. ज्या दिवशी लॉक असूनही ते दुसऱ्या यंत्राला दिसणार नाही, त्या दिवशी दोन्ही नोंदी ‘झाली’ म्हणतील आणि फाइल आतून फाटेल. मला त्या दिवसाची वाट पाहायची नव्हती.

फाइल एकाच्या हाती

म्हणून त्याच माळ्यावरच्या यंत्रावर रॅडिकेल बसवलं. पायथनमध्ये लिहिलेला हा लहानसा कॅलेंडर-सर्व्हर आहे, ५२३२ या पोर्टवर चालतो आणि कॅलडॅव्ह या ठरलेल्या पद्धतीने बोलतो. इथे घरातलं कुणीही फाइलला हात लावत नाही. सगळे सर्व्हरशी बोलतात आणि लिहितो तो एकटा. आत्याची वही जशी आत्याच्याच हातात होती, तसंच. प्रत्येक बुकिंगची आयसीएस फाइल (कॅलेंडर-नोंदीचा ठरलेला प्रकार) वेगळी असते, त्यामुळे एक फाइल बिघडली तरी एकच बुकिंग बिघडेल. जुन्या प्रोग्राममधून नोंदी आयसीएसमध्ये काढून आत घेतल्या. हे कॅलेंडर बघायला-लिहायला संगणकांवर थंडरबर्ड बसवलं, आणि फोनवर ते ओढून आणायला डॅव्हएक्स५.

लॉकचं काम इथे वेगळ्या तऱ्हेने होतं. कुणी नोंद उघडून बसलं म्हणून दुसऱ्याला अडवलं जात नाही. प्रत्येक नोंदीला सर्व्हर ‘ईटॅग’ नावाची खूण देतो. नोंद बदलली की खूणही बदलते. बदल पाठवताना आपल्याकडची खूण सोबत जाते, आणि मधल्या काळात दुसऱ्या कुणी ती नोंद बदलली असेल तर सर्व्हर ४१२ हे उत्तर देऊन नकार देतो. मग थंडरबर्ड विचारतो: आपला बदल सोडून नवं घ्यायचं, की तरीही आपलाच पाठवायचा? झोपलेला लॅपटॉप कुणालाच अडवत नाही, कारण त्याच्या हातात काही धरून ठेवलेलंच नसतं.

बॅकअप घेताना एक काळजी घ्यावी लागते. रॅडिकेल आपल्या साठ्याच्या फोल्डरमध्ये स्वतःची लॉक-फाइल ठेवतं. रात्रीची प्रत काढणारी स्क्रिप्ट ‘एफलॉक’ने आधी तेच लॉक घेते, मग प्रत काढते आणि सोडते. त्यामुळे अर्धवट लिहिलेलं प्रतीत येत नाही. धाकट्याला मी ती लॉक-फाइल मुद्दाम उघडून दाखवली. फोल्डरमधल्या कुठल्याही अनोळखी फाइलबद्दल तो आता आधी फोन करतो.

एक गोष्ट कॅलडॅव्हने सुटत नाही, आणि ती आत्याला पहिल्याच दिवशी सांगितली. दोन माणसांनी एकाच खोलीसाठी दोन वेगळ्या नोंदी केल्या, तर सर्व्हरच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या नोंदी आहेत. तो दोन्ही घेईल. खोली एकच आहे हे त्याला माहीत नाही. म्हणून घरात ठरवलं: गिऱ्हाईक फोनवर असतानाच आधी ‘धरली’ एवढीच नोंद घालायची, ताजी यादी ओढून एकदा बघायची, मगच हो म्हणायचं.

या वर्षी आंगणेवाडीची तारीख जाहीर झाली त्या दिवशी मी कुडाळलाच होतो. संध्याकाळी सर्व्हरचा लॉग उघडला. दिवसभरात ४१२ एकदाच आला होता, दुपारी पावणेबाराला. वहिनीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "हो, ७ नंबरची माणसं आत्यांनी चाराची पाच केली, मी त्याच वेळी जेवणाचं लिहीत होते. त्याने विचारलं, मी आत्यांचं घेतलं, मग माझं परत लिहिलं."

तारकर्लीचं टेबल मात्र अजून अर्धं बाहेरच आहे. सर्व्हर मी इंटरनेटवर उघडा ठेवलेला नाही, म्हणून दादाच्या फोनवरचं कॅलेंडर घरच्या वाय-फायवर असतानाच ताजं होतं आणि दिवसभर तो सकाळचंच चित्र बघत असतो. होडीच्या गिऱ्हाइकाने खोली विचारली तर तो घरी फोन लावतो. लॅपटॉप आजही आठ-दहाला झाकण लावून पिशवीत जातो.